गूढ, चित्र आणि अनुवाद : युरोपीय चित्रकथांच्या पुनर्शोधासंबंधी काही विचार

१

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस इंग्रजी ग्रंथव्यवहारात युरोपातील जुन्या गूढ-रहस्यप्रधान चित्रकथा नव्या अनुवादांच्या आणि नव्या आवृत्त्यांच्या रूपाने पुन्हा अवतरल्या. ब्रिटनमधील सिनेबुक या प्रकाशनसंस्थेने २००७ मध्ये एद्गार पी. झाकोब्स या बेल्जियन चित्रकाराची 'द यलो एम' ही कथा प्रकाशित केली. अमेरिकेतील डार्क हॉर्सने १९९९ मध्ये इंग्रजीत आणलेल्या 'डायलन डॉग' या इटालियन भयकथामालेचा संग्रह २००९ मध्ये काढला. फँटाग्राफिक्स या अमेरिकन संस्थेने २०१० आणि २०११ मध्ये फ्रेंच चित्रकार झाक तार्दी याच्या 'अदेल ब्लां-सेक' मालेचे दोन खंड प्रसिद्ध केले. एर्जेचा टिंटिन तर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनच मेथ्युएनच्या इंग्रजी आवृत्त्यांतून जगभर, आणि भारतातील इंग्रजी वाचणाऱ्या मुलांपर्यंतही, पोचलेला होता.

या साऱ्या व्यवहाराचे वर्णन करताना 'पुनर्शोध' हा शब्द सरसकट वापरला जातो. पुनर्शोधात एक गृहीत दडलेले असते : कलाकृती जशी होती तशीच कोठेतरी पडून होती, मध्यंतरी ती दृष्टीआड झाली आणि आता धूळ झटकून जशीच्या तशी वाचकाच्या हाती आली. हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे. अनुवादाने भाषा बदलते हे उघडच आहे. परंतु चित्रकथेच्या बाबतीत प्रकाशनाचा क्रम, खंडांची विभागणी, नावे, शीर्षके आणि क्वचित खुद्द चित्रेही बदलतात. अशा वेळी इंग्रजी वाचकाला जे सापडते ते मूळ कृतीचे कोणते अंग असते आणि कोणते अंग मागे राहते, हा प्रश्न केवळ ग्रंथसूचीकाराचा राहत नाही, तो समीक्षेचा होतो.

येथे मांडावयाचे प्रतिपादन असे : या चित्रकथांतील गूढ हे विशिष्ट इतिहासाशी घट्ट बांधलेले आहे. इंग्रजी अवतारात गूढाची सामग्री, म्हणजे ममी, राक्षस, पंथ आणि शाप, सुखरूप उतरते. पण तिला इतिहासाशी जोडणारे धागे सैल होतात. तार्दीच्या बाबतीत तर हा धागा जवळजवळ तुटतोच, आणि त्यामुळे कलाकृतीचा अर्थच बदलतो.

२

गूढाच्या सैद्धांतिक चर्चेत तझ्वेतान तोदोरोव्हचा १९७० मधील फँटास्टिक साहित्यावरील ग्रंथ आजही टाळता येत नाही. कथेत अलौकिक भासणारी घटना घडते. तिचे लौकिक स्पष्टीकरण मिळाले तर कथा 'विलक्षणा'च्या प्रांतात जाते. अलौकिकाचे अस्तित्व मान्य करावे लागले तर ती 'अद्भुता'च्या प्रांतात जाते. या दोहोंच्या सीमेवर, निर्णय होत नाही तेवढ्या अवधीत, जे नांदते ते तोदोरोव्हच्या मते खरे फँटास्टिक. म्हणजे या साहित्यप्रकाराचे लक्षण भूत नसून वाचकाच्या मनातील संदेह हे आहे. असा संदेह टिकावयाचा तर घटना रूपकात्मक अर्थाने वाचता कामा नये, अशी अटही तो घालतो. भूत म्हणजे 'खरे तर' अपराधभावना, असे म्हटले की संदेह संपतो.

तोदोरोव्हचे विवेचन शब्दबद्ध कथनावर उभे आहे. 'जणू', 'वाटले', 'भासले' अशा शब्दांनी निवेदक संदेह पेरू शकतो. चित्राजवळ 'जणू' नाही. चौकटीत ममी काढली की ती दिसते. 'दिसल्यासारखी वाटली' असे चित्र म्हणू शकत नाही. मग चित्रकथेत संदेहाला जागा उरते काय?

एर्जेची 'सात स्फटिकगोल' ही कथा या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे. पेरूमधून रास्कार कापाक या इंका राजाची ममी घेऊन परतलेल्या मोहिमेतील सात संशोधक एकामागून एक निद्रेत बुडतात आणि प्रत्येकाजवळ स्फटिकाचे तुकडे सापडतात. कथेच्या आरंभीच आगगाडीतील एक सहप्रवासी तुतनखामनच्या थडग्याची आठवण काढतो. १९२२ मध्ये ते थडगे सापडल्यानंतर वृत्तपत्रांनी पिकवलेल्या शापाच्या कथा वाचकाच्या परिचयाच्या आहेत हे एर्जेने गृहीत धरले आहे. पुढे वादळी रात्री ममी खिडकीतून आत येते आणि स्फटिकगोल फेकते. हे दृश्य चित्रात निःसंदिग्धपणे दिसते. मागाहून कळते की ते स्वप्न होते. येथवर संदेहाचे निरसन झाले असे वाटते. परंतु तेच स्वप्न त्याच रात्री त्याच घरातील तिघांना पडलेले असते. चित्र खोटे ठरवून एर्जे ज्या क्षणी वाचकाला जमिनीवर आणतो त्याच क्षणी तो जमीनच काढून घेतो. म्हणजे संदेह चौकटीच्या आत नसून दोन चौकटींच्या दरम्यान, दाखवलेल्या आणि मागाहून सांगितलेल्या गोष्टींच्या फटीत राहतो. उत्तरार्धात निद्रेचे औषधी स्पष्टीकरण मिळते, पण मेणाच्या बाहुल्यांमार्फत दूरदेशीच्या माणसांना यातना देण्याची क्रिया मात्र अस्पष्टच राहते. कथा 'विलक्षण' आणि 'अद्भुत' या दोन्ही प्रांतांत एकेक पाय ठेवून संपते.

या कथेच्या प्रकाशनाचा इतिहासही विसरता येत नाही. डिसेंबर १९४३ पासून ती जर्मन ताब्यातील ब्रुसेल्समध्ये 'ल स्वार' या दैनिकातून क्रमशः येत होती. सप्टेंबर १९४४ मध्ये शहर मुक्त झाले आणि कथा मध्येच थांबली. शत्रूच्या नियंत्रणाखालील पत्रात काम केल्याबद्दल एर्जेवर ठपका आला. सप्टेंबर १९४६ मध्ये 'टिंटिन' साप्ताहिक निघाले तेव्हा कथा पुढे सुरू झाली आणि १९४८ मध्ये तिचे पुस्तक झाले. पुस्तकात हा दोन वर्षांचा खंड कोठेही दिसत नाही. निद्रिस्त संशोधक म्हणजे व्याप्त बेल्जियम, असे सरळ रूपक काढणे तोदोरोव्हची अट मोडणारे आणि कथेवर अन्याय करणारे होईल. पण खंडित होऊन जोडलेली कथा आणि अखंड जन्मलेली कथा या एकच नव्हेत, एवढे तरी म्हणावेच लागेल.

लेस्ली लॉन्सडेल-कूपर आणि मायकेल टर्नर यांचा इंग्रजी अनुवाद कुशल आहे, यात शंका नाही. तरीही एका ठिकाणी त्यातून निसटलेली गोष्ट उद्बोधक आहे. मूळ फ्रेंचमध्ये विसरभोळ्या प्राध्यापकाचे नाव तूर्नसोल, म्हणजे सूर्यफूल. ममीचे कंकण हाती चढवल्याबद्दल हाच माणूस सूर्यमंदिरात सूर्यालाच बळी दिला जाणार असतो. हे नाव एर्जेने पूर्वीच्या कथेत योजलेले असले तरी येथे त्याला अकस्मात अर्थ प्राप्त होतो. इंग्रजीत तो कॅल्क्युलस झाला. वैज्ञानिकाचे नाव म्हणून ते चपखल आहे, पण सूर्याकडे वळणारे फूल मात्र त्यातून गळून पडले. मराठीत 'सूर्यफूल' हा शब्दच सूर्याला धरून आहे. इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याच्या हाती मात्र कॅल्क्युलसच लागेल.

३

एर्जेचा सहकारी झाकोब्स याचा मार्ग उलट दिशेने जातो. त्याची 'द यलो एम' ही कथा १९५३-५४ मध्ये 'टिंटिन' साप्ताहिकात क्रमशः आली आणि १९५६ मध्ये पुस्तकरूपात निघाली. धुक्यातील लंडन, टॉवरमधून चोरीस गेलेला राजमुकुट, गोळ्यांनी न मरणारा बुरखाधारी आणि भिंतींवर उमटणारे वर्तुळातील पिवळे अक्षर ही तिची सामग्री. या पिशाच्चामागे डॉ. सेप्टिमस हा वैज्ञानिक असतो. आपल्या सिद्धांताची टर उडवणाऱ्यांवर सूड उगवण्यासाठी तो एका माणसाच्या मनाचा ताबा घेऊन त्याला यंत्रासारखा वापरतो. म्हणजे अलौकिकाचे पूर्ण निरसन होते. परंतु उरते ते अलौकिकाहून भयंकर. महायुद्ध संपून दहा वर्षेही झाली नसताना, माणसाच्या मेंदूवर दुरून हुकूमत गाजवणारे विज्ञान ही कल्पना युरोपीय वाचकाला परीकथेसारखी वाटली नसणार.

झाकोब्स हा मूळचा संगीतनाटकांतील गायक. त्याच्या चित्रकथांत शब्दांची दाटी फार. पात्र दार उघडत असल्याचे चित्र असते आणि वरच्या पट्टीत पात्र दार उघडत असल्याचे निवेदनही असते. ही द्विरुक्ती दोष म्हणून नेहमी दाखवली जाते. पण गूढाच्या दृष्टीने पाहता तिला एक कार्य आहे. शब्द येथे चित्राला साक्ष देतो, जे दिसते ते खरोखरच घडले याची ग्वाही देतो. एर्जे ज्या फटीत संदेह ठेवतो ती फट झाकोब्स शब्दांनी बुजवून टाकतो. बेल्जियन माणसाने फ्रेंचमध्ये रचलेले हे लंडन इंग्रजीत आले तेव्हा त्याचे परकेपण मात्र मावळले. इंग्रज वाचकाला ते आपल्याच शहराचे जुने चित्र वाटू शकते. बाहेरून पाहिलेल्या, चित्रपटांतून आणि रहस्यकथांतून कल्पिलेल्या लंडनची जी किंचित अतिशयोक्त गंभीरता मूळात आहे, ती 'घरी परतल्यावर' निव्वळ जुनाटपणा ठरण्याचा धोका आहे.

तिझियानो स्क्लावीचा 'डायलन डॉग' हा दुःस्वप्नांचा अन्वेषक १९८६ मध्ये इटलीत अवतरला. तोही लंडनमध्येच राहतो. त्याच्या मदतनिसाचे रूप आणि नाव अमेरिकन विनोदी नट ग्राउचो मार्क्सचे. भयाच्या ऐन प्रसंगी त्याने अचरट कोट्या कराव्यात हा या मालेचा गाभ्याचा संकेत. अमेरिकन आवृत्तीत कायदेशीर अडचणीमुळे त्याची मिशी पुसण्यात आली आणि त्याचे नाव फेलिक्स ठेवण्यात आले. कोट्या तशाच राहिल्या. पण मृत्यूच्या सान्निध्यात चित्रपटातला एक मृत विदूषक हिंडतो आहे, हा मूळचा अस्वस्थ करणारा अनुभव मिशीबरोबर पुसला गेला. अनुवादाने चित्राला हात घातल्याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

४

या सर्वांत तार्दीची माला सर्वाधिक गुंतागुंतीची आहे. 'अदेल आणि पशू' ही पहिली कथा १९७६ मध्ये 'स्युद-वेस्त' या दैनिकातून आणि त्याच वर्षी कास्टेरमानच्या पुस्तकातून प्रसिद्ध झाली. काळ १९११ च्या नोव्हेंबरचा. पॅरिसच्या वस्तुसंग्रहालयातील कोट्यवधी वर्षांपूर्वीचे अंडे फुटते आणि त्यातून निघालेला टेरोडॅक्टिल शहरावर घिरट्या घालू लागतो. त्यामागे दूरच्या शहरातील एका माणसाची मनःशक्ती असते. पुढच्या कथांत पाझूझू या असिरियन राक्षसाचा पॅरिसमधील पंथ येतो, पुनरुज्जीवित आदिमानव येतो, अदेलच्या दिवाणखान्यातील ममी जागी होते. नायिका लोकप्रिय कादंबऱ्यांची लेखिका आहे. म्हणजे ज्या वाङ्मयप्रकाराचे हे विडंबन, त्याचीच ती उत्पादकही आहे.

तार्दीने अलौकिकाविषयी कोणताही संदेह ठेवलेला नाही. टेरोडॅक्टिल आहे, आणि तो सर्वांना दिसतो. पोलीस, पत्रकार, मंत्री आणि शिकारी यांना त्याचे आश्चर्यही फारसे वाटत नाही. प्रत्येकाला त्यात आपली बढती किंवा आपला मथळा दिसतो. संदेह येथे दुसऱ्याच गोष्टीविषयी निर्माण होतो : कोण कोणाच्या वतीने वागतो आहे? वेषांतरे, दुहेरी हेर आणि विकले गेलेले अधिकारी यांची संख्या इतकी वाढते की कथेच्या शेवटी एखाद्या पात्राला भल्यामोठ्या फुग्यांतून सारे कारस्थान उलगडून सांगावे लागते, आणि ते सांगूनही फारसे कळत नाही. स्पष्टीकरणाचा हा अतिरेक म्हणजे झाकोब्सच्या शब्दबहुल पद्धतीचे जाणीवपूर्वक केलेले विडंबन आहे. झाकोब्सकडे शब्द साक्ष देतो, तर तार्दीकडे तोच शब्द खोटी साक्ष देणाऱ्यासारखा अधिकाधिक बोलत सुटतो.

भरताच्या रसविचारात हास्य आणि भयानक यांच्या विभावांमध्ये 'विकृत' हे विशेषण समान आहे. विकृत वेष हास्याला कारण होतो, विकृत ध्वनी भयाला. तार्दीची चित्रकला या समान भूमीवर उभी आहे. करडे-तपकिरी आकाश, पावसाने ओले झालेले दगडी पूल आणि अचूक रेखाटलेल्या इमारती एकीकडे. फुगीर नाकांची, सुजलेल्या डोळ्यांची, नेहमीच रागावलेली माणसे दुसरीकडे. शहर खरे आणि माणसे विकृत. राक्षस त्या मानाने प्रतिष्ठित वाटतो. हसावे की भ्यावे हा निर्णय वाचकाला करता येत नाही. तोदोरोव्हने वर्णिलेला संदेह येथे अलौकिकाच्या अस्तित्वाकडून माणसांच्या समाजाकडे सरकला आहे, असे म्हणता येईल.

आता शीर्षके पाहावीत. मूळ फ्रेंच शीर्षकात सुंदरी आणि पशूच्या परीकथेचा प्रतिध्वनी आहे. सुंदरीच्या जागी अदेल आली आहे, आणि ती कोणत्याही पशूवर प्रेम करणारी नाही. किम थॉम्प्सनच्या २०१० च्या अनुवादात हे शीर्षक 'टेरर ओव्हर पॅरिस' झाले, आणि 'टेरर'च्या आधी टेरोडॅक्टिलमधला अनुच्चारित 'पी' लिहिला गेला. कोटी चतुर आहे. मूळातही कोटीच होती, तेव्हा भयाच्या जागी विनोद आणल्याचा आक्षेप घेता येणार नाही. परंतु मूळ कोटी नायिकेविषयी होती, ही पशूविषयी आहे. शीर्षकातून नायिका नाहीशी झाली. तार्दीच्याच १९७४ च्या 'बर्फाचा राक्षस' या कृतीचे शीर्षक इंग्रजीत 'द आर्क्टिक मरॉडर' झाले. जूल व्हेर्नच्या जुन्या आवृत्त्यांतील कोरीव चित्रांची नक्कल करीत काळ्या पृष्ठावर खरवडून काढलेली ती कथा. तिच्या शीर्षकातला राक्षस जाऊन लुटारू आला, म्हणजे गूढाचे वचन मागे घेऊन साहसाचे वचन देण्यात आले. थॉम्प्सनचा अनुवाद संवादांत सजीव आणि विनोदाशी प्रामाणिक आहे. शीर्षकांची ही उदाहरणे त्याचे उणेपण दाखवण्यासाठी घेतलेली नाहीत. बाजारपेठेला कोणते वचन दिले जाते, ते त्यांतून कळते.

५

खरा प्रश्न शीर्षकांच्या पलीकडचा आहे. 'अदेल ब्लां-सेक'च्या मूळ मालेतील चौथे पुस्तक १९७८ मधील. त्याच्या शेवटी, १९१२ मध्ये, अदेल गोठवली जाते. पाचवे पुस्तक 'सॅलमँडरचे रहस्य' १९८१ मध्ये आले. त्यात ती बहुतांश काळ गोठलेलीच असते. नायकत्व युद्धात हात गमावलेल्या ल्युस्यँ ब्रँदाव्वान या जुन्या पात्राकडे जाते आणि अदेल १९१८ मध्ये जागी होते. म्हणजे माला पहिल्या महायुद्धाला वळसा घालते, पण तो वळसा इतक्या ठळकपणे घालते की युद्धच तिचे केंद्र ठरते. राक्षस, पंथ आणि ममी यांच्यात लीलया वावरणाऱ्या नायिकेला चार वर्षांच्या त्या संहारात उभे करणे तार्दीने नाकारले. अद्भुताच्या कथेत जे मावत नाही ते युद्ध, असे तो न बोलता सांगतो.

हे कळले की मागची चार पुस्तके वेगळी दिसू लागतात. मथळ्यांसाठी आसुसलेली वृत्तपत्रे, मूढ अधिकारी, गोळीबारासाठी उतावीळ झालेली माणसे आणि माणसांना साधन मानणारे वैज्ञानिक ही १९११-१२ ची सारी गंमत म्हणजे १९१४ च्या आधीचा समाज आहे. पृष्ठावर तारखा पुन्हापुन्हा नोंदवल्या जातात त्या या कारणाने. येथे टेरोडॅक्टिल म्हणजे युद्ध असे रूपक करण्याची गरज नाही. टेरोडॅक्टिल हा टेरोडॅक्टिलच राहतो. संबंध आहे तो मालेच्या रचनेतला, कालक्रमातला. तोदोरोव्हने नाकारलेला रूपकार्थ आणि येथे अभिप्रेत असलेला ऐतिहासिक अर्थ यांत हा भेद आहे. पहिला घटनेला गिळतो, दुसरा घटनेला तिच्या वर्षात ठेवतो.

फँटाग्राफिक्सच्या दोन खंडांत पहिली चार पुस्तके आहेत. नायिका गोठते आणि त्या आवृत्तीपुरती कथा तेथेच थांबते. युद्ध येत नाही. विशेष म्हणजे त्याच प्रकाशनाने, त्याच अनुवादकाकरवी, त्याच २०१० साली तार्दीचे 'इट वॉज द वॉर ऑफ द ट्रेंचेस' हे खंदकयुद्धावरील पुस्तक इंग्रजीत आणले. फ्रेंचमध्ये ते १९९३ मध्ये ग्रंथरूप झाले होते. म्हणजे एकाच लेखकाच्या मनोविश्वाचे दोन अर्ध एकाच वर्षी इंग्रजीत आले, पण दोन वेगवेगळ्या फळ्यांवर : एक मौजेच्या, दुसरे गांभीर्याच्या. फ्रेंच वाचकाला ज्या सांध्याची जाणीव पाचव्या पुस्तकाने होते तो सांधा या आवृत्तीत नाही. परिणामी अदेलचे पॅरिस हे केवळ गतकाळाचे रम्य, किंचित भीतिदायक चित्र म्हणून वाचले जाते. 'पुनर्शोध' या शब्दात जी स्मरणरंजनाची छटा आहे, ती येथे संहितेच्या खंडिततेतून उत्पन्न झालेली आहे.

यावर असे म्हटले जाईल की प्रत्येक पुस्तक स्वतंत्र कलाकृती असते आणि वाचकावर पुढच्या पुस्तकाची सक्ती नाही. स्वतंत्र पुस्तकांच्या बाबतीत हे मान्य आहे. परंतु तार्दी तळटीपांतून मागच्या पुस्तकांचे हवाले देतो, उलगडे पुढे ढकलतो, मेलेल्यांना परत आणतो. क्रमशः कथेचा हा रूपबंध स्वतःच अपूर्णतेची जाणीव मागतो. माला म्हणून रचलेल्या कृतीचे एकक माला हेच असते.

६

मराठी अभ्यासकाला या चर्चेचे प्रयोजन काय? एक तर फ्रेंच आणि इटालियन चित्रकथा त्याच्यापर्यंत बहुधा इंग्रजीतूनच येतात, आणि त्यामुळे इंग्रजी प्रकाशनव्यवहाराने केलेली निवड हीच मूळ परंपरा आहे असा समज होऊ शकतो. दुसरे म्हणजे चित्रकथेच्या अनुवादाचा अनुभव मराठीला नवा नाही. १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील ली फॉकचा फँटम मराठीत 'वेताळ' झाला. इंग्रजी नावात छायारूप होते. मराठी नावाने त्याला स्मशान, विक्रमाचा खांदा आणि प्रश्नोत्तरांची परंपरा बहाल केली. येथे नावाने अर्थ गमावला नाही, मूळात नसलेला अर्थ मिळवला. सूर्यफुलाचा कॅल्क्युलस होणे आणि फँटमचा वेताळ होणे ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. गूढ हे भाषेतील नावांना, त्या भाषेतील मृतांना आणि त्या समाजाच्या स्मृतींना चिकटून असते. म्हणून त्याचा अनुवाद करताना काहीतरी सुटते किंवा काहीतरी नव्याने चिकटते.

अशा स्थितीत पुनर्शोधाचे काम प्रकाशकाकडून आवृत्ती आली की संपत नाही. एर्जेच्या पुस्तकात १९४४ ते १९४६ चा अदृश्य खंड पाहणे, डायलन डॉगच्या मदतनिसाला त्याची मिशी परत देणे आणि अदेलच्या दुसऱ्या इंग्रजी खंडाच्या अखेरच्या पृष्ठानंतर खंदकांचे पुस्तक ठेवून दोन्ही सलग वाचणे ही वाचकाने करावयाची कामे आहेत. या वाचनात टेरोडॅक्टिलची गंमत कमी होत नाही. त्याच्याकडे बंदुका रोखणारी माणसे दोन-तीन वर्षांनी कोठे असतील, हे मात्र मग विसरता येत नाही.